स्पिंडल गुरगुरतो, ड्राइव्ह ट्रिप होतो: सीएनसी राउटरच्या व्हीएफडीचा बिघाड कसा शोधायचा

नवा स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर), नवा ड्राइव्ह (तिच्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलून वेग ठरवणारा व्हीएफडी). जोडणी झाली, ‘रन’ दाबलं आणि स्पिंडल नुसता गुरगुरला. टूल पकडणारा कोलेट नट जागच्या जागी थरथरला, डिस्प्लेवर दोन-तीन अक्षरं चमकली आणि सगळं गप्प. रीसेट केलं, पुन्हा रन दिलं, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळेला माणूस ठरवून टाकतो की ड्राइव्हच खराब निघाला.

हा बिघाड मी इतक्यांदा सोडवला आहे की आता समोरच्याचं वर्णन अर्ध्यावर असतानाच विचारतो, ‘बेस फ्रिक्वेन्सी किती ठेवली आहे?’ (ड्राइव्ह ज्या फ्रिक्वेन्सीला पूर्ण व्होल्टेज देतो ती.) पलीकडून बहुधा उत्तर येत नाही. ड्राइव्ह ठणठणीत असतो, स्पिंडलही. समोर कोणती मोटर लावली आहे हे ड्राइव्हला कुणी सांगितलेलंच नसतं, एवढंच. मग कारखान्यातून निघताना त्याच्यात जी मोटर गृहीत धरलेली असते, तिच्याच हिशेबानं तो वीज सोडत राहतो.

पुढचं सगळं राउटरवर नेहमी दिसणाऱ्या थ्री-फेज इंडक्शन स्पिंडलबद्दल आहे: ४०० हर्ट्झ, मिनिटाला २४,००० फेरे, हवेनं किंवा पाण्यानं थंड होणारा. पॅरामीटरचे क्रमांक कंपनीगणिक बदलतात. मी उदाहरणादाखल हुआनयांगच्या एचवाय मालिकेतले दिले आहेत, कारण राउटरवर तो ड्राइव्ह फार दिसतो. तुमचा वेगळा असेल तर मॅन्युअलमध्ये त्याच नावाचा पॅरामीटर शोधा, क्रमांक जसाच्या तसा उचलू नका.

लक्षणं

• रन दिल्यावर स्पिंडल गुरगुरतो, झटके देतो, फिरत नाही. डिस्प्लेवर ओसी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला.

• फिरतो, पण जेमतेम. वेग कितीही वाढवा, ५० हर्ट्झच्या पुढे आकडा सरकत नाही.

• फिरतो झकास, पण ४०० हर्ट्झला डिस्प्ले फक्त ११,५२० फेरे दाखवतो.

• सुरू छान होतो, थांबवताना ओयू येतं, म्हणजे आतलं व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं. तेही पूर्ण वेगावरून थांबवलं तरच, निम्म्या वेगावरून थांबवल्यास नाही.

• वेग घेताना किंवा टूल लाकडात शिरताच एलयू येतं, म्हणजे आतलं व्होल्टेज पडलं.

• कीपॅडवरून चालतो, प्रोग्राममधून हलत नाही. किंवा हलतो, पण एसची (प्रोग्राममधल्या वेगाच्या आज्ञेची) कुठलीही संख्या दिली तरी एकाच वेगानं पळतो.

• स्पिंडल व्यवस्थित, पण तो सुरू असताना मशीनच वेड्यासारखं वागतं: लिमिट स्विचचा खोटा अलार्म, यूएसबी तुटणं, एखाद्या अक्षाची पावलं चुकणं.

• टूल नवं असूनही लाकूड कापलं न जाता जळतं, धूर येतो.

• स्पिंडल हात ठेववत नाही इतका तापतो.

यातलं आपलं लक्षण कोणतं ते ठरवा, पण तपासणी मात्र खालच्या क्रमानंच करा. पहिल्या चार पायऱ्यांना पैसा लागत नाही आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

झाकण उघडण्याआधी

ड्राइव्हच्या पोटात मोठे कपॅसिटर असतात. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर ते सुमारे ३२५ व्होल्ट डीसीपर्यंत भरतात, ४१५ व्होल्टच्या थ्री-फेजवर ५८५च्या वर. प्लग काढला म्हणून ते रिकामे होत नाहीत. चार्जचा दिवा विझल्यावर आणखी दहा मिनिटं थांबा, आणि मग पी आणि एन या डीसीच्या टर्मिनलांमध्ये डीसी व्होल्टेज मोजून खात्री करा. दिवा विझणं हा पुरावा नाही, दिवाच बिघडलेला असू शकतो.

दुसरं, स्पिंडल फिरत असताना त्याचा कनेक्टर कधीही ओढू नका आणि ड्राइव्ह व स्पिंडल यांच्यामध्ये स्विच किंवा कॉन्टॅक्टर बसवू नका. चालू करंट मध्येच तोडला की त्याचा झटका ड्राइव्हच्या आउटपुट मॉड्यूलवर जातो. आणि मेन सप्लाय चुकूनही यू, व्ही, डब्ल्यू या टर्मिनलांना देऊ नका. ती ड्राइव्हची बाहेर जाणारी बाजू आहे, तिथे सप्लाय दिला की पहिल्याच सेकंदात ड्राइव्ह जातो. मग पुढची एकही पायरी करण्यात अर्थ उरत नाही.

१. कोड लिहून घ्या, आणि कधी आला तेही

रीसेट दाबण्याआधी अक्षरं कागदावर उतरवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ट्रिप कुठल्या क्षणी झाला: वेग घेताना, एकसारखा फिरताना, की थांबताना? बऱ्याच ड्राइव्हमध्ये कोडच्या शेवटच्या अक्षरात ही वेळ सांगितलेली असते. वेग घेतानाचा ओसी बहुतेकदा पॅरामीटरचा असतो. एकसारखा फिरताना आलेला ओसी म्हणजे टूलवरचा भार, बेअरिंग किंवा केबल. रन देताक्षणी, स्पिंडल हलायच्याही आत आलेला ओसी मात्र गंभीर. त्यात कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता धरायची.

दोनदा तोच कोड आला की तिसऱ्यांदा रीसेट करू नका. खरंच शॉर्ट असेल तर प्रत्येक रीसेटबरोबर तुम्ही ड्राइव्हच्या आयजीबीटींना (आउटपुटच्या इलेक्ट्रॉनिक स्विचना) पुन्हा भिंतीवर डोकं आपटायला लावता.

२. सप्लाय

एलयू म्हणजे डीसी बसचं, त्या मोठ्या कपॅसिटरांवरचं, व्होल्टेज पडलं. स्पिंडल बंद असताना सॉकेटवर २३० दिसतात म्हणून समाधान मानू नका. वेग घेताना ड्राइव्हच्या इनपुट टर्मिनलवर किती राहतात ते मोजा. बारीक तारेचा लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड, सैल सॉकेट, त्याच लाइनवर धूळ ओढणारा व्हॅक्यूम: हे तिघं मिळून एलयूचे निम्मे गुन्हे करतात. ड्राइव्हला थेट बोर्डावरून स्वतंत्र लाइन द्या, तारेचा आकार मॅन्युअलमध्ये दिलेल्या इनपुट करंटला पुरेल असा घ्या. इथे एक गोष्ट विसरली जाते: सिंगल फेजवरचा ड्राइव्ह इनपुटला स्पिंडलच्या पाटीवरच्या करंटपेक्षा बराच जास्त करंट ओढतो. पाटीवरचा आकडा बघून तार निवडली की फसलात.

सिंगल फेज कोणत्या दोन टर्मिनलांना द्यायचा हेही मॅन्युअलमध्येच बघा. काहींत आर आणि टी, काहींत आर आणि एस. अंदाज करण्याची ही जागा नव्हे.

३. हातानं फिरवून बघा

सप्लाय काढून स्पिंडलचा शाफ्ट हातानं फिरवा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. खडखड, अडखळणं किंवा एकाच ठिकाणी जडपणा जाणवला तर बेअरिंग गेलं आहे, पॅरामीटर कितीही बदललेत तरी ते बरं होणार नाही. टूल आणि कोलेट काढून पुन्हा फिरवा. कोलेट वाकडा बसला असेल किंवा नट सोडायची पिन शाफ्टमध्ये तशीच राहिली असेल तरी ओसी येतो. हसू नका, ती पिन मी स्वतः एकदा विसरलो आहे.

पाण्याचा स्पिंडल असेल तर पंप सुरू असणं पुरेसं नाही. परतीच्या नळीतून पाणी पडताना डोळ्यांनी बघा.

४. पॅरामीटर: खरी मेख इथे आहे

इथे थोडा वेळ थांबू या, कारण हे कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

इंडक्शन मोटरला व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी एका ठरावीक प्रमाणात लागतात. तुमच्या स्पिंडलच्या पाटीवर २२० व्होल्ट आणि ४०० हर्ट्झ लिहिलं आहे, म्हणजे हर्ट्झमागे ०.५५ व्होल्ट. त्या हिशेबानं ५० हर्ट्झला त्याला साधारण साडेसत्तावीस व्होल्ट हवेत. पण बरेच ड्राइव्ह कारखान्यातून बाहेर पडतात ते ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी, म्हणजे ५० हर्ट्झला पूर्ण २२० व्होल्ट. हिशेब आठपट चुकला! मोटरमधलं लोखंड चुंबकत्वानं भरून ओसंडतं, करंट बेफाम वाढतो. नशीब चांगलं असेल तर ड्राइव्ह ओसी देऊन थांबतो. नसेल तर काही सेकंदांत वार्निशचा वास येतो.

एकदा माझ्याकडे असाच एक स्पिंडल आला. मालकानं आदल्या रात्री तो फक्त ‘फिरतो का बघायला’ सुरू केला होता, एकही सेटिंग न करता. फिरला म्हणे, पण हळू, आणि लगेच गरम झाला. ‘हळूच फिरतोय तर बिघडणार काय’ असं वाटून त्यांनी आणखी थोडा वेळ चालू ठेवला. वाइंडिंग काळं पडलं होतं. उच्च वेगाच्या स्पिंडलला हळू फिरवणं सुरक्षित असतं, हा गैरसमज तेव्हापासून मी प्रत्येकाच्या डोक्यातून आधी काढतो.

तर क्रम असा. हुआनयांग एचवायमध्ये सगळ्यात आधी पीडी००५, म्हणजे कमाल फ्रिक्वेन्सी, ४०० करा. ती ५०वर असेपर्यंत बाकीच्या खान्यांत ४०० भरता येत नाही, आणि लोकांना वाटतं कीपॅड बिघडला. त्यानंतर पीडी००४, हीच ती बेस फ्रिक्वेन्सी, ४००. मग पीडी००३, मुख्य फ्रिक्वेन्सी, ४००. पीडी००८ कमाल व्होल्टेज, पाटीवर असेल ते, बहुधा २२०.

पीडी१४१ मोटरचं व्होल्टेज, पीडी१४२ मोटरचा करंट. हा करंट पाटीवरूनच घ्या. ‘थोडा जास्त ठेवू, ट्रिप तरी होणार नाही’ असं करणाऱ्यांनी ओव्हरलोडचं संरक्षण स्वतःच्या हातानं काढून टाकलेलं असतं.

पीडी१४३ म्हणजे पोलची, मोटरमधल्या चुंबकीय ध्रुवांची, संख्या. मिनिटाच्या फेऱ्यांचं सूत्र सोपं आहे: १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल. ४०० हर्ट्झला २४,००० फेरे येत असतील तर पोल २. पाटीवर ३०० हर्ट्झ आणि १८,००० फेरे असतील तरी २च. तेव्हा मात्र वरच्या तिन्ही खान्यांत ४०० नव्हे, ३०० जाईल. पाटी न वाचता दुसऱ्याची यादी उतरवली की हे निसटतं.

पीडी१४४मध्ये ५० हर्ट्झचा वेग भरायचा असतो, आपल्या स्पिंडलसाठी ३०००. तिथे मूळचे १४४० तसेच राहिले की ते आठपट होऊन डिस्प्लेवर ११,५२० दिसतात, स्पिंडल मात्र खरा २४,०००च्या जवळ पळत असतो. हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी ‘अजून वेग हवा’ म्हणून कमाल फ्रिक्वेन्सी वाढवली तर बेअरिंगचं काय होईल ते सांगायला नको. मोठ्या व्यासाचं टूल लावलेलं असेल तर बेअरिंगच्याही आधी टूल उडेल.

पीडी०११ ही खालची मर्यादा. हवेनं थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा बहुधा त्याच्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट हळू, तर पंखाही हळू. म्हणून १२० हर्ट्झच्या खाली जाऊ देऊ नये, पाण्याचा असेल तर १०० चालतात. वेग उतरवला की ताकदही त्याच प्रमाणात उतरते: २.२ किलोवॅटचा स्पिंडल १०० हर्ट्झला जेमतेम ०.५५ किलोवॅट देतो. ६००० फेऱ्यांवर जाड टूल सागवानात घातलं आणि स्पिंडल अडकला, तर तो बिघाड नाही, गणित आहे.

आणि एक इशारा. गोंधळ झाला की लोक पीडी०१३मध्ये ८ भरून सगळं मूळपदावर आणतात. चांगला उपाय आहे, पण त्याबरोबर बेस फ्रिक्वेन्सीही पुन्हा ५० होते. सगळे खाने परत भरून, प्रत्येक पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय रनला हात लावू नका.

थांबवताना येणारा ओयू

फिरणारा रोटर थांबवायचा तर त्याच्यातली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ड्राइव्ह जबरदस्तीनं वेग उतरवतो तेव्हा मोटर जनरेटर होते आणि ती ऊर्जा उलटी कपॅसिटरमध्ये भरते. २२० व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये बसचं व्होल्टेज ४००च्या आसपास गेलं की तो ओयू देऊन हात वर करतो. ही ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते, २४,०००ला ती १२,०००च्या चौपट असते. पूर्ण वेगावरूनच ट्रिप होण्याचं कारण हेच.

उपाय फुकट आहे: पीडी०१५, म्हणजे वेग उतरवण्याचा काळ, १ सेकंदावरून ८-१० सेकंद करा. किंवा पीडी०२६मध्ये १ भरून स्पिंडलला आपोआप गरगरत थांबू द्या. मग प्रोग्राममध्ये एम५नंतर (स्पिंडल बंद) जी४ (थांबून राहा) घालून पुरेशी वाट बघायला लावा, नाहीतर फिरत्या टूलला हात जाईल. जी४चा पी, म्हणजे थांबण्याचा काळ, काही कंट्रोलरमध्ये सेकंदांत असतो, काहींत मिलिसेकंदांत. एकदा घड्याळ लावून तपासा. लवकर थांबवणं खरंच गरजेचं असेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ओहमचा ब्रेकिंग रेझिस्टर बसवता येतो, पण लाकूडकामाच्या राउटरला तो क्वचितच लागतो.

पीडी०१४, म्हणजे वेग घेण्याचा काळ, हाही फार कमी ठेवू नका. १ सेकंदात २४,००० गाठायचा हट्ट केला की एरवी निरोगी स्पिंडलही ओसी देतो.

५. कीपॅड की कंट्रोलर?

पॅरामीटर भरून झाले की कंट्रोलरची तार बाजूला ठेवा. पीडी००१ आणि पीडी००२ दोन्ही ० करा, म्हणजे रन आणि वेग दोन्ही कीपॅडवरून. १५० हर्ट्झला चालवा, मग २५०, मग ४००. इथे सगळं सुरळीत असेल तर ड्राइव्ह आणि स्पिंडल दोघंही निर्दोष सुटले. आता दोष कंट्रोलरच्या बाजूला आहे, आणि ड्राइव्ह उघडण्याची काहीच गरज नाही.

मग पीडी००१मध्ये १ भरा आणि तारेच्या छोट्या तुकड्यानं एफओआर आणि डीसीएम हे टर्मिनल जोडा. स्पिंडल फिरला तर ड्राइव्हचं इनपुट ठीक, कंट्रोलरचा रिले किंवा त्याची तार तपासा.

वेगासाठी पीडी००२मध्ये १. कंट्रोलरकडून व्हीआय आणि एसीएममध्ये किती व्होल्ट येतात ते मल्टिमीटरनं मोजा. एस १२००० दिल्यावर, कमाल २४,००० असेल तर, ५ व्होल्ट यायला हवेत. कंट्रोलर ०-५ व्होल्टचाच असेल तर पीडी०७०मध्ये तसं सांगा, नाहीतर स्पिंडल निम्म्याच वेगानं पळेल. काही ड्राइव्हच्या कार्डावर एक जंपर असतो: वेग पॅनेलवरच्या नॉबनं घ्यायचा की बाहेरच्या व्होल्टेजनं. नॉब फिरवला की वेग बदलतो आणि एसला दाद देत नाही, तर तो जंपरच चुकीच्या जागी आहे.

जीआरबीएल (कंट्रोलरमधलं फर्मवेअर) वापरणाऱ्यांसाठी खास: डॉलर ३० ($30, कमाल वेगाची) ही सेटिंग मुळात १०००वर असते. त्यामुळे एस ८००० काय किंवा एस २०००० काय, दोन्हींचा अर्थ ‘पूर्ण’ असाच होतो. तिथे २४००० भरा.

दिशा उलटी असेल, म्हणजे वरून पाहता टूल घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरत असेल, तर सप्लाय काढून यू, व्ही, डब्ल्यूपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. नव्या टूलनं लाकूड जाळण्याचं हे पहिलं कारण.

६. केबल आणि कनेक्टर

सप्लाय काढून, कपॅसिटर रिकामे झाल्यावर, केबल ड्राइव्हपासून सोडवा आणि तारांच्या टोकांवर रेझिस्टन्स मोजा: यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू. आकडा किती आहे याला फारसं महत्त्व नाही, तो काही ओहमांचा किंवा त्याहून कमीच असेल. तिन्ही सारखे हवेत. एक जोडी वेगळी आली की कनेक्टर उघडा. बहुतेक वेळा त्यातला सोल्डरचा एक डाग सुटलेला सापडतो, कारण ही केबल गँट्रीबरोबर (स्पिंडल वाहणाऱ्या चौकटीबरोबर) दिवसभर वाकत असते. मोजताना केबल हलवत राहा. स्थिर असताना बरोबर आणि हलवताना तुटणारी तार सगळ्यात जास्त छळते.

चारपैकी चौथी पिन अर्थिंगची असावी असं आपण धरून चालतो. तसं असतंच असं नाही. कित्येक स्वस्त स्पिंडलमध्ये ती पिन आत कशालाच जोडलेली नसते. पिन आणि स्पिंडलचं धातूचं अंग यांच्यात सलगता तपासा. नसेल तर स्पिंडलच्या अंगाला वेगळी अर्थिंगची तार लग लावून घट्ट बसवा. ही पायरी सिग्नलच्या गडबडीसाठी महत्त्वाची आहेच, पण आधी ती जिवासाठी आहे: वाइंडिंगमधली तार अंगाला टेकली तर करंटला अर्थिंगचा रस्ता हवा, तुमच्या हाताचा नको.

७. मशीन वेड्यासारखं वागतं तेव्हा

या प्रकारात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं हमखास होतं. खोटा लिमिट अलार्म आला की लोक लिमिट स्विच बदलतात. मग कंट्रोलर, मग यूएसबी केबल, मग संगणक. एका गृहस्थांनी हे चारही बदलले होते. शेवटी सापडलं काय, तर वर सांगितलेली चौथी पिन, आत कशालाच न जोडलेली.

ड्राइव्ह स्पिंडलला गुळगुळीत साइन लाट देत नाही. तो डीसीचे तुकडे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लाटेचा भास निर्माण करतो. त्या तीक्ष्ण कडा शेजारच्या तारांमध्ये उडी मारतात. खरं कारण हेच आहे का, हे ठरवायला पैसे लागत नाहीत: स्पिंडल बंद ठेवून तोच प्रोग्राम हवेत चालवा, मग स्पिंडल सुरू ठेवून पुन्हा हवेतच. दुसऱ्यांदाच अलार्म आला तर दोषी सापडला.

आता उपाय, स्वस्त ते महाग. आधी स्पिंडलची केबल लिमिट आणि स्टेपरच्या तारांपासून दूर न्या, एक फूट तरी. एकाच केबल चेनमधून जाणं टाळता येत नसेल तर निदान वेगळ्या कप्प्यातून न्या. जिथे ओलांडायलाच लागतात तिथे काटकोनात ओलांडू द्या. मग अर्थिंग: ड्राइव्ह, स्पिंडल, मशीनचा सांगाडा आणि कंट्रोलरचा डबा यांच्या तारा एकाच ठिकाणी आणून जोडा. एकाची तार दुसऱ्याला आणि दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी साखळी करू नका.

शील्ड नसलेली केबल असेल तर ती बदलणं भाग आहे. नव्या केबलची शील्ड ड्राइव्हच्या बाजूला रुंद क्लॅम्पनं अर्थिंगला बांधा, आणि स्पिंडलच्या कनेक्टरचं अंग धातूचं असेल तर तिकडेही. शील्डची लांब शेपटी काढून स्क्रूखाली दाबली की तिचा उपयोग बराच कमी होतो. सिग्नलच्या तारांची शील्ड मात्र एकाच टोकाला, कंट्रोलरकडे.

पीडी०४१, म्हणजे कॅरिअर फ्रिक्वेन्सी (वर सांगितलेल्या चालू-बंदची गती), थोडी कमी करून बघा. विजेचा गोंगाट कमी होतो, स्पिंडलचा शिटीसारखा आवाज वाढतो. पण ४०० हर्ट्झच्या आउटपुटसाठी ४ किलोहर्ट्झच्या खाली उतरू नका, लाट ओबडधोबड होऊन स्पिंडल तापतो. फेराइटचं कडं घालायचं तर यू, व्ही, डब्ल्यू तिन्ही तारा एकत्र त्यातून न्या. इनपुटचा ईएमआय फिल्टर सगळ्यात शेवटी, कारण तो सप्लायच्या बाजूचा गोंगाट अडवतो, लिमिटच्या तारेत घुसणारा नव्हे.

८. दोघांना वेगळं करा

अजूनही ओसी किंवा जीएफ (करंट अर्थिंगकडे गळतोय) येत असेल तर स्पिंडलची केबल ड्राइव्हपासून पूर्ण सोडवा, टोकं टेपनं बंद करा आणि ड्राइव्ह मोकळाच चालवा. मोटर नसतानाही ओसी आला तर आउटपुट मॉड्यूल गेलं. ड्राइव्ह मोकळा नीट चालला तर संशय केबल आणि स्पिंडलवर.

त्यांची कसोटी म्हणजे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारं उपकरण), वाइंडिंग आणि अंग यांच्यात. १ मेगाओहमच्या खाली आलं तर तो स्पिंडल चालवायचा नाही. आधी केबलसकट मोजा, मग कनेक्टर काढून नुसता स्पिंडल, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल. पाण्याच्या स्पिंडलमध्ये आत झिरपलेलं पाणी इथे पकडलं जातं. मात्र ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर कधीच लावू नका. त्या ५०० व्होल्टांनी धडधाकट ड्राइव्ह मरतो, आणि मग नक्की काय बिघडलं होतं हे शोधायला काही उरत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मेगर हाताशी नसेल किंवा तो वापरायची सवय नसेल तर आठवी पायरी स्वतः करू नका, मोटर रिवाइंड करणाऱ्याकडे न्या. ड्राइव्हमधून जळका वास आला, कपॅसिटर फुगलेला दिसला, किंवा मोटर नसतानाही तो ट्रिप झाला, तर ते काम ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्याचं आहे. आतलं बोर्ड थेट ३२५ व्होल्टांवर असतं, तिथे यूट्यूब बघून सोल्डरिंग करणं म्हणजे जिवाशी खेळ.

ड्राइव्ह सुरू केला की घराचा किंवा वर्कशॉपचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) पडत असेल, तर तो काढून साधा एमसीबी बसवायचा मोह होईल. नको. ड्राइव्हच्या फिल्टरमधून अर्थिंगकडे जाणाऱ्या गळतीनंही तो पडू शकतो आणि इन्सुलेशन खरंच फुटलं असेल तरीही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हे वेगळं करणं, आणि ड्राइव्हला चालेल असा आरसीसीबी निवडणं, परवानाधारक वायरमनचं काम आहे. स्पिंडलच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मात्र वाट बघायची नाही. मेन बंद, आणि वायरमन येईपर्यंत मशीनला हात नाही. वर्कशॉपमध्ये मुळात अर्थिंगच नसेल तरीही तेच.

बेअरिंग बदलायचं ठरलं तर ते उच्च वेगाच्या स्पिंडलचं काम करणाऱ्याकडेच द्या. जोडीनं बसणारी बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवली तर ती २४,००० फेऱ्यांवर फार दिवस टिकत नाहीत.

बोलावलेल्या माणसाला पाच गोष्टी लिहून द्या: कोड आणि तो कुठल्या क्षणी आला, स्पिंडलच्या पाटीचा फोटो, भरलेल्या पॅरामीटरची यादी, चालू असताना इनपुटला मोजलेलं व्होल्टेज, आणि तिन्ही जोड्यांचे ओहम. यादी करताना पीडी००४ पुन्हा एकदा वाचा. माणूस यायच्या आतच दोष सापडल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.